भावोजींनी रंगवलेली गाडी

आपल्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट बिघडलेलीच असते, आणि ती दुरुस्त करायला ज्याच्या हाती द्यावी तो तिला आणखी बिघडवूनच परत करतो, अशी ठाम श्रद्धा बाळगून सत्तरी गाठलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नागावला आमची घरं. त्यांचं पुढे, माझं मागे, मध्ये एक विहीर आणि भावोजींचा आवाज. सकाळी मी शाळेत शिकवायला निघते तेव्हा त्यांचं दूधवाल्याशी चाललेलं असतं. दुधात पाणी आहे ही तक्रार नसते, कारण पाणी तर असणारच. घातलेलं पाणी तरी चांगल्या विहिरीचं घालत जा, ही तक्रार असते. मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने पाटीवरचं फडकं काढलं की हे लांबूनच म्हणणार, "कालचंच आहे ना?" एकदा तिने पाटी सरळ त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "घ्या, इचारा त्यालाच, कवा मेला त्यो." तेव्हापासून मासे ताई घेते.

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, असं ताई त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते मान डोलावतात. त्यांना तो मान वाटतो. लग्नाच्या पंगतीत आचारी हौसेने विचारायला आला की इतर लोक दोन गोड शब्द बोलतात, भावोजी म्हणतात, "जिलबी होती, हे ओळखू आलं." माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, सगळ्या खोल्या हिंडले, भिंतींवर बोटाने टकटक केलं आणि प्रसादाचा शिरा खात म्हणाले, "मेव्हणीबाई, पावसाळा येऊ दे, मग बोलू." पावसाळा आला, उत्तरेकडची भिंत पाझरली, आणि ते छत्री घेऊन मुद्दाम बघायला आले. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी आजही त्यांना माफ केलेलं नाही.

त्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली. कारकून म्हणून लागले, शिरस्तेदार होऊन सुटले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी लोकांना मुख्यत्वे तारखा दिल्या. बापाने लावलेला दावा मुलगा पुढे चालवतोय, मुलगा म्हातारा होऊन नातवाचा हात धरून येतोय, आणि भावोजी चष्म्यावरून बघत पुढची तारीख सांगतायत. यात त्यांची चूक काही नव्हती, तारीख देणारे ते नव्हेत, सांगणारे होते. पण ऐकणाऱ्याला तोंड दिसतं ते सांगणाऱ्याचंच. बाजारात त्यांना नमस्कार करणारी माणसं पुष्कळ, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नमस्कारात दात असायचे.

अशा या माणसाचं जगात एका निर्जीव वस्तूवर निर्मळ प्रेम होतं, ती म्हणजे त्यांची गाडी. चौकोनी अंगाची, गोल दिव्यांची, स्टिअरिंगजवळच गिअरचा दांडा असलेली, जी बनवणं कंपनीने कधीच बंद केलं तशी. गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हा तिचा रंग दाट सायीसारखा होता. केतकी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, जन्मली तेव्हा दवाखान्यातून ती याच गाडीतून घरी आली. शाळेच्या पहिल्या दिवशी याच गाडीतून गेली, आणि शाळा कुंपणापलीकडे असल्यामुळे गाडी काढायला जितका वेळ लागला तितकाही जायला लागला नाही. आमच्या किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही. खारा वारा खिडक्यांचे गज खातो, सायकली खातो, दाराच्या कड्या खातो, आणि पत्रा तर त्याच्या विशेष आवडीचा. भावोजी रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी पुसायचे. कपाळावर आठ्या न घालता त्यांना कुणी पाहिलं असेल तर तेवढ्या वेळातच. ताई म्हणायची, "मला ताप आला तर हे डोक्यावर इतकी ओली फडकी ठेवत नाहीत."

केतकी मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, तिकडेच तिचं जमलं. मुलगा भला, मुंबईचा, आणि लग्नानंतर दोघं कॅनडाला जाणार हेही ठरलेलं. ठरवायला पाहुणे आले तेव्हा भावोजींनी मुलाच्या नोकरीबद्दल काही विचारलं नाही, कॅनडाबद्दल काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले, "आमची एक अट आहे." ताईच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिथल्या तिथे थांबला. अट अशी, की मुलगी या घरातून निघेल ती बापाच्या गाडीतून निघेल. मांडव्याच्या धक्क्यापर्यंत ते स्वतः सोडतील. धक्क्याच्या पुढे समुद्र, तो पाहुण्यांचा. पाहुणे हसले, कबूल झाले. केतकी आत येऊन माझ्या गळ्यात पडली, कारण हे तिनेच लहानपणी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं, आणि बाबांच्या ते लक्षात असेल असं तिला वाटलं नव्हतं.

गाडीची दशा तोवर अशी झाली होती की दारं लावताना खालून गंजाचा भुगा पडायचा. तेव्हा लग्नाला अजून ढीगभर अवकाश आहे असं पाहून भावोजींनी ती गॅरेजमध्ये दिली. कुठल्या, ते सांगत नाही. आसपासच्या बाकी सगळ्या गॅरेजवाल्यांशी त्यांचं भांडण झालेलं होतं, म्हणजे उरलेलं ते. तिथला शेठ तरुण, गोड बोलणारा. "साहेब, टेन्शन नको. पत्रा मारतो, खड्ड्यांत लांबी भरतो, गनने रंग मारतो, सोमवारी गाडी घेऊन जावा." सोमवार कुठला ते त्याने सांगितलं नव्हतं. मग कधी पत्र्याचा मिस्त्री गावाला गेला, कधी कॉम्प्रेसर जळला, कधी तो सायीचा रंग मुंबईत मिळेना, कधी मिळाला तर वीज नाही. मधल्या काळात शनिवार-रविवारी बंगल्यावर येणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या आत यायच्या, चकचकीत होऊन बाहेर जायच्या, आणि भावोजींची गाडी अर्धी खरवडलेली, दारं काढून भिंतीला टेकवलेली, कोपऱ्यात बसून सगळं बघत राहायची. एकदा ते गेले तर मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. शेठ म्हणाला, "साहेब, पिल्लं निघू देत, आत्ता उठवलं तर पाप लागेल." भावोजी घरी येऊन म्हणाले, "आता माझ्या गाडीला कोंबडीचा स्टे आहे."

दिवस चालले होते. पत्रिका छापून आल्या, ताईने पापड केले, मी साड्यांना पिको-फॉल करून आणले, आणि भावोजी रोज बसने गॅरेजला जाऊन रोज बसने परत येत. शेवटी एके दिवशी त्यांनी शेठच्या टेबलावर हात आपटला आणि विचारलं, खरं काय ते सांग, गाडी कधी मिळणार? शेठ हसलाही नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही मला ओळखलं नाही. माझ्या आज्याचा जमिनीचा दावा तुमच्या कोर्टात होता. आजा गेला, बाप गेला. मी शाळा बुडवून बापाबरोबर यायचो. तुम्ही तारीख सांगायचात, आम्ही गप घरी जायचो. टेबलावर हात कुणी आपटला नाही." हे मला भावोजींनी स्वतः सांगितलं, विहिरीच्या कठड्यावर बसून. मला वाटलं आता शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल. ते नुसते म्हणाले, "पोरगा खोटं बोलत नव्हता." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी उचलून आणली.

उचलून म्हणजे खरोखरच. रेवदंड्याचा एक नाखवा त्यांचा जुना दोस्त. उभी राहून राहून बॅटरी उतरलेली, म्हणून त्याच्या मासळीच्या टेम्पोला जाड दोर बांधून गाडी ओढत आणली. दारं कशीबशी जागेवर बसवली होती. अंगावर ठिकठिकाणी करड्या लांबीची ठिगळं, आणि सगळ्या गाडीला बांगड्यांचा वास. ती अंगणात उभी राहिली तेव्हा ताई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. भावोजींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "कुणाच्या बापाची गरज नाही. मी रंगवणार." आयुष्यात या माणसाने घराचं फाटकसुद्धा कधी रंगवलं नव्हतं. रंगारी लावून त्याच्या मागे उभं राहून चुका काढायच्या, एवढाच त्यांचा रंगाशी संबंध. पण या वेळी मागे उभं राहायला मी होते, आणि ती संधी मी सोडली असं कुणी म्हणणार नाही.

नाखव्याने होड्यांचा रंग आणून दिला. होडीच्या आतल्या अंगाला लावतात तो पिवळट पांढरा, सायीच्या जवळचा. गन नाही, कॉम्प्रेसर नाही. होडी कुंच्याने रंगवतात तर गाडीला काय सोनं लागलंय? "भाऊ, होडी वरीसभर खाऱ्या पान्यान ऱ्हाते, तुमची गाडी तर सुक्यावर हाय," नाखवा म्हणाला, "तिला काय व्हतंय?" होडीची लाकडं फुगतात, आकसतात, म्हणून तिच्या रंगात जवसाचं तेल सढळ हाताने घालतात. भावोजींनीही घातलं. आणि होडी जगते ती फटी बुजवल्यामुळे. नाखव्याने बोट नाचवून बजावलं, "फट कशी ती ठेवाची न्हाय. होडी बुडते ती फटीपायीच." भावोजींना हे तंतोतंत पटलं, कारण त्यांच्या दारांना गंज लागला होता तो फटीतूनच. तेव्हा त्यांनी कुंचा उभा धरून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून, प्रत्येक दाराच्या भोवतालची फट रंगाने काठोकाठ भरली. एकेका फटीवरून दोनदोनदा हात फिरवला. मी म्हणाले, "भावोजी, ही गाडी आहे, तराफा नाही." ते म्हणाले, "शेठपेक्षा तू गोड बोलतेस."

रंगावर किडे बसू नयेत म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या मच्छरदाण्या जमवल्या, ताईकडून एकमेकींना शिवून घेतल्या आणि नारळाच्या झाडांना दोर बांधून गाडीवर सोडल्या. त्यातली एक ताईच्या लग्नात आलेली, गुलाबी फुलांची. केळवणाला येणारी बाई आधी मच्छरदाणीत वाकून गाडी बघायची आणि मग नवरी बघायला घरात जायची. घरात मात्र पाहुणे रात्री डासांनी फोडून निघत. दिवसा वारा धूळ आणतो म्हणून भावोजी ऊन कललं की कुंचा हातात घेत, आणि मार्गशीर्षाच्या दवाला मच्छरदाणी काही अडत नाही. सकाळी रंगावर दुधट झाक आलेली असायची आणि बोट लावलं की बोट चिकटायचं. तो रंग वाळेचना. मांडववाल्याने पाहुण्यांसाठी उभे पंखे आणले. ते सगळे गाडीभोवती लागले. मुंबईहून आलेल्या आमच्या आत्याबाई पत्रिकेने वारा घेत बसल्या आणि गाडी गार वारा खात उभी. शेवटचा हात मारून झाल्यावर भावोजींनी हुकूम काढला की निघायच्या क्षणापर्यंत कुणीही दार उघडायचं नाही, दाराला बोट लावायचं नाही. खडूने पुठ्ठ्यावर लिहिलं, "ओला रंग". तो पुठ्ठा टेकवून ठेवल्याची चौकट रंगावर उमटली, म्हणून तोही काढून झाडाला लटकवला. पण लांबून बघा, ती गाडी सुंदर दिसत होती. ओघळ होते, कुंच्याचे केस होते, एक मुंगळा कायमचा बसलेला होता, तरी सकाळच्या उन्हात ती पुन्हा सायीच्या रंगाची झाली होती. केतकीने व्हरांड्यातून ती पाहिली आणि तशीच अनवाणी अंगणात धावत आली. भावोजी म्हणाले, "डावीकडे जरा ओघळलाय."

लग्न हॉलवर लागलं. गाडी घरी, म्हणून सगळे पाठवणीला घरी आले. देवाला नमस्कार झाला, ओटी भरली, रडारड झाली. पाहुण्यांची लांबलचक पांढरी गाडी फुलं लावून बाहेर उभी होती. ती रिकामी मांडव्याला जाईल आणि तिथे नवरा-नवरी तिच्यात बसतील असं ठरलेलं. गाड्या नेणाऱ्या बोटीची वेळ पक्की होती. भावोजी नवं धोतर नेसून, हातात किल्ली घेऊन, गाडीशेजारी उभे. मच्छरदाण्या त्यांनी स्वतः सोडवल्या. केतकी शालू सावरत आली, डावा हात दारावर टेकवला, उजव्याने मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. हललं नाही. भावोजींनी पलीकडचं ओढून पाहिलं, मग पुढचं, मग आपल्या बाजूचं. चारही दारं गाडीच्या अंगाला अशी धरून बसली होती जशी कधी वेगळी नव्हतीच. फटीतला रंग वरून सायीसारखा धरला होता आणि आत डिंक झाला होता.

जावयाचे दोघे भाऊ पुढे आले, जोर लावला, त्यांच्या कोटांना रंग लागला, एक मूठ निखळून हातात आली. कुणीतरी म्हणालं, खिडकीतून आत घ्या. भावोजी गरजले, "माझी मुलगी काय बोचकं आहे?" मी धावत जाऊन स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि फटीला लावली तोच ते ओरडले, "खरवडू नको! रंग जाईल!" मी थांबले. सगळे थांबले. जावयाच्या मामांनी घड्याळ पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. केतकी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, खरवडू द्या ना. मी परत आले की आपण पुन्हा रंगवू." मला आजही वाटतं, त्या वेळी त्यांनी हो म्हटलं असतं तर सगळं साधलं असतं. ते गाडीकडे बघत राहिले. एवढा रंग, एवढे दिवस, आणि तो सगळ्या वऱ्हाडासमोर सुरीने सोलायचा. त्यांचं हो-नाही ठरतंय तोवर बाहेर पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. मग ते म्हणाले, "जा. बोट कुणासाठी थांबत नाही." केतकी त्यांच्या पाया पडली, पांढऱ्या गाडीत बसली आणि गेली. भावोजी तसेच किल्ली धरून उभे होते.

नाखवा आला तो नंतर. रेवदंड्याच्या धक्क्यावर त्याची होडी लागली होती, मासळी उतरवून घाईघाईने अंघोळ करून आला होता. त्याने कमरेचं पातळ पातं काढलं, एकेका दाराभोवती एकदा फिरवलं, आणि दारं उघडली. फटीच्या बाहेर रंगाला ओरखडासुद्धा गेला नाही. "एवढंच त व्हतं, भाऊ," तो म्हणाला, आणि आमची तोंडं पाहून त्याने पातं परत कमरेला खोचलं. भावोजी आत बसले. मी न विचारता शेजारी जाऊन बसले. अशा वेळी बायकोने बोललेलं सोसत नाही आणि मेव्हणीने बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मेव्हणी बरी. गाडी चालली मात्र झकास. अलिबाग, चोंढी, मांडवा असा रस्ता. खड्ड्यांनाही त्यांनी काही म्हटलं नाही. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात बरीच पुढे गेली होती. वरच्या मजल्यावर माणसं दिसत होती, कोण कुठलं ते कळण्याच्या पलीकडे. भावोजींनी हात वर केला, कुणी बघतंय का ते न पाहता मला म्हणाले, "चल, ताई एकटी आहे," आणि गाडीकडे वळले. तेव्हा मला ते दिसलं. मागच्या दारावर, मुठीच्या वर, केतकीचा डावा पंजा उमटला होता. पाची बोटं पसरलेली, अंगठीच्या जागी खोल खूण, तळहाताच्या रेषासुद्धा. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाहिलंच. दाराला हात न लावता ते खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

होडीच्या रंगाचं एक आहे, वाळायला जीव खातो, पण वाळला की दगड. पंधरवड्यात तो ठसा पक्का झाला. भावोजींनी गाडी त्या बाजूने भिंतीला लागून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला तो पडायचा नाही. भिंत आणि दार यांच्यामध्ये ते आडवे होऊन शिरायचे आणि तेवढा भाग मऊ फडक्याने पुसायचे. बाकी गाडीवरच्या ओघळांना ते पूर्वीसारखेच शिव्या घालत. शेठचा निरोप आला की साहेब, फुकट रंगवून देतो, मनातून जात नाही. भावोजींनी सांगितलं, "म्हणावं, दावा निकाली निघाला." ताईला ठसा माहीत होता की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात काही गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी बोलत नाही.

पहिल्या दिवाळसणाला केतकी आणि जावई कॅनडाहून आले. पहिल्या दिवाळीत जावई मागेल ते द्यायचं, आणि नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ताईने अंगठी करून ठेवली होती. पाटावर बसवून, ओवाळून, ताई म्हणाली, "बोला, काय हवं?" जावई हसले. म्हणाले, "अंगठी नको. एकच मागणं आहे. माझ्या मित्राचं मुंबईत जुन्या गाड्यांचं वर्कशॉप आहे. बाबांची गाडी मला रंगवून देऊ द्या. त्या दिवशीचं माझ्या मनाला लागून राहिलंय." केतकीने टाळ्या वाजवल्या, तिचे डोळे भरले होते. तिला वाटत होतं तो रंग म्हणजे बाबांची दुखरी जागा आहे, आणि ती आता बरी होणार. मी भावोजींकडे पाहिलं. गोड बोलणाऱ्या सगळ्या दुनियेला ज्याने फटकारलं तो माणूस या खरोखरीच्या गोड माणसासमोर तोंड उघडू शकेना. सांगायचं तरी काय? तुमच्या बायकोच्या हाताचा ठसा आहे म्हणून? ती समोर बसलीय, तिचा हात धरा की, असंच कुणीही म्हणालं असतं. मी "अहो, पण ती गाडी" असं काहीतरी सुरू केलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फराळाचं ताट उचलून आत गेले. बाहेर त्यांचा आवाज आला, "न्या. तुम्ही मागितलंत, मी दिलं."

चांगुलपणाचा मला राग येतो तो अशा वेळी. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. गाडी बोटीने गेली, आणि मित्राने सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला, बोटीने परत आली. एवढ्या वर्षांत भावोजींना दिलेली तारीख कुणी पाळली ती ही. जुना रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला होता. नवा रंग तोच, सायीचा, डॉक्टरांकडून घेतली तेव्हाचा, कुठे ओघळ नाही, केस नाही. दारं नुसतं बोट लावलं की उघडायची आणि मऊ आवाज करून मिटायची. गाव बघायला लोटलं. नाखवा भोवती फिरून म्हणाला, "आता कशी नवरीवानी दिसतंय." भावोजी सगळ्यांना गाडी दाखवत होते. एकही दोष त्यांनी काढला नाही, आणि दोष नव्हताच. गाडी आता त्यांनी भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध लावली. आता ती कशीही लावली तरी चालत होती.

संध्याकाळी कॅनडातून केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन धरला होता, भावोजी गाडीजवळ उभे होते, हातात फडकं, पण पुसायला काही नव्हतं. तिकडे सकाळ होती. केतकीच्या मागे खिडकीत बर्फ दिसत होतं. "बाबा, सांगा ना, कसा झालाय रंग? खरं सांगा हं, यांना वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नका." भावोजींनी मागच्या दाराकडे पाहिलं, मुठीच्या वर.

"आरसा झालाय," ते म्हणाले. "तोंड दिसतं त्यात."

केतकी खुदकन हसली. "कुणाचं?"

"माझंच," भावोजी म्हणाले, "दुसरं कोण आहे इथे." आणि तिला गाडी नीट दिसावी म्हणून जरा बाजूला झाले.